आमच्या वाटांची नोंद

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही मजकूर वाढविला आहे.)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या मेळाव्यात बोलण्याची आज्ञा केली तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, वर शिक्षकी पेशाची सनद. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेली. प्राध्यापक, डॉक्टर, वकील व्यासपीठावर विराजमान असताना एका निवृत्त मास्तराने काय सांगावे? परंतु डोंगरकडेचे आपले जुने जीवन आणि नवा विकास हा विषय समजला, तेव्हा संकोच बाजूस ठेवला. या विषयाच्या दोन्ही बाजूंना आम्ही राहिलो आहोत. मेंढरांमागे बालपण गेले आणि हजेरीपटापुढे उरलेले आयुष्य. समाजाच्या सवलतींचा व आरक्षणाचा प्रश्न मोठा आहे, त्यावर अधिकारी वक्ते बोलतीलच. आम्ही त्यात शिरणार नाही.

आमचे गाव भोकरदन तालुक्याच्या उत्तर अंगास, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. गावाचे नाव मुद्दाम घेत नाही. त्या डोंगरकडेने दहा गावे अशी आहेत की त्यांतील कोणाही वृद्धाने हीच हकीकत सांगावी. कोकणातील किंवा मावळातील बंधू आमच्या डोंगरास डोंगर म्हणतील की नाही, शंका आहे. माथा सपाट, उतार खडकाळ, खुरटा साग, सालई, पळस, बोरी, हिवर, मधूनमधून अंजन. पण पाऊस पडला की पवना आणि मारवेल गुडघ्यापर्यंत येई. मेंढरांस त्याहून काय हवे? आषाढापासून अश्विनापर्यंत खालच्या रानांत पिके उभी असत, तेव्हा कळप डोंगरावर आणि गायरानात राहात. दसरा झाला, खळी सुरू झाली, की बिऱ्हाड घोड्यावर चढे आणि वाडा खाली उतरे. जुई, केळणा, पूर्णा ओलांडून राजूरच्या अंगाने जालना-बदनापूरच्या मुलखात, तेथून दुधनेच्या काठाने अंबडकडे. मृगाच्या आधी परत. ही आमची वाट.

त्या वाटेवर आम्ही दहाव्या वर्षापर्यंत चाललो. रात्री वाघूर लावून कळप कोंडावा, चार कोपऱ्यांवर चार कुत्री, मध्ये बायकामुले. ज्याच्या शेतात मेंढरे बसवायची तो शेतकरी आधीच सांगून ठेवी. एका रात्रीच्या लेंडीखताबद्दल ज्वारी मिळे, कोठे डाळ, कोठे गूळ. वर्षाचे धान्य आम्ही पेरीत नव्हतो, चालून मिळवीत होतो. लोकर वर्षातून दोनदा कातरायची, घरच्या बायकांनी टकळीवर काढायची, मग घोंगडे विणून त्यास चिंचोक्याची खळ द्यायची. ते घोंगडे पावसात छत्री, रात्री अंथरूण आणि लग्नात बैठक होई. कोणत्या गावचा पाटील कळपास पाणी पाजू देतो, कोणत्या नाल्याला माघात डोह राहतो, कोणाच्या बांधावर भांडण होते, हे सारे वडिलांना मुखोद्गत होते. सुमारे दीडशे मेंढरांचा कळप घेऊन ते शंभर-सव्वाशे कोस जाऊन येत आणि त्यांच्याजवळ कागदाचा एक कपटा नसे.

येथे तरुण मंडळी म्हणतील, गुरुजी जुन्याचे पोवाडे गाऊ लागले. तसे नव्हे. १९७१ च्या पावसाळ्यात आमची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. डोंगरकडेच्या गावांना तेव्हा गाडीवाट देखील धड नव्हती. दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना, तेव्हा चौघांनी तिला बाजेवर घालून खाली उतरविले. नाल्याला पूर होता. पूर ओसरेपर्यंत अलीकडच्या काठावर बाज ठेवली आणि तेथेच ती गेली. बाज परत आली तेव्हा आम्ही ओट्यावर पाढे लिहीत बसलो होतो. तेव्हा रस्ता नको, दवाखाना नको, डोंगरात राहू द्या, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्हांस कोणी उभे करू नये.

दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते या सभेत आता थोडे असतील. कळप निम्म्याने गेला. रोजगार हमीची कामे निघाली. त्या योजनेचा कायदा पुढे १९७७ साली झाला, पण आमच्या पोटाला ती त्याआधीच लागली. आईवडिलांनी खडी फोडली, मुलांना सुकडी मिळाली, आणि आमच्या गावाला पहिला रस्ता झाला. तो कोणी आणून दिला नाही. गावाने आपल्या हातांनी केला. ज्या नाल्याकाठी बहीण गेली त्यावर फरशी झाली, त्या फरशीचे दगडही आमच्या आईने वाहिले. विकासाची आमची पहिली ओळख ही अशी आहे.

यानंतर जे जे आले त्याचा हिशेब आम्ही पुष्कळदा मांडून पाहिला. गंमत अशी की त्यांतील एकही गोष्ट वाईट म्हणता येत नाही, आणि प्रत्येक गोष्टीने वाट थोडी थोडी अरुंद झाली.

जायकवाडीचे उदाहरण घ्या. पैठणचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरच्या रानांतून गेला. आरंभी आपल्या लोकांना तो कालवा म्हणजे देवाची देणगी वाटली. ऐन उन्हाळ्यात पाणी, रब्बीच्या कापणीनंतर हिरवी धसकटे, चाऱ्याला तोटा नाही. कितीतरी वाडे त्या बाजूस वळले. पुढे त्याच पाण्यावर ऊस आला. ऊस बारा महिने उभा. रान मोकळे होईना. ज्या पाण्याने कळप बोलाविला त्याच पाण्याने पुढे त्याला बांधाबाहेर ठेवले. यात शेतकऱ्याचा काय अपराध? त्याला उसाचा पैसा दिसत होता.

कोरडवाहू रानाचीही तीच गत. ज्वारी होती तोवर कडबा होता आणि मोकळे वावर होते. सरकीचे वाण सुधारले. आपले जालना शहर तर बियाण्यांचे गावच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे महिको काढली, त्यांना पुढे १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत ज्वारीचे रान कपाशीखाली गेले. मागून सोयाबीन. भोकरदन, जाफराबादकडे मिरची आणि बियाण्यांची शेडनेट आली. आमच्या भाच्याच्या एका लहानशा शेडनेटमध्ये जेवढा पैसा येतो तेवढा आमच्या वडिलांनी उभ्या जन्मात पाहिला नसेल. पण शेडनेटभोवती जाळी असते, आणि त्या जाळीपलीकडचे जुने पाणोठे कोणाला विचारायचे?

पाणलोटाचा विषय काढताना आम्ही जपून बोलतो, कारण त्या कामाविषयी आम्हांस मनापासून आदर आहे. जालना तालुक्यातील कडवंची आपण सर्वांनी ऐकली आहे. इंडो-जर्मन कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे बांधबंदिस्ती झाली, चर खोदले गेले, पुढे शेकडो शेततळी झाली. त्या उघड्याबोडक्या माळरानावर आज द्राक्षांचे मळे आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात साऱ्या जिल्ह्याच्या घशाला कोरड पडली असता त्या गावाने बागा जगविल्या. शाळेची मुले घेऊन आम्ही स्वतः तेथे गेलो होतो. परंतु त्या कार्यक्रमात यावयाचे तर गावाला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे. हा नियम ज्या ज्या डोंगरी गावांत आला तेथे गवत वाढले, मातीची धूप थांबली, हे आम्ही नाकारणार नाही. प्रश्न इतकाच की बंदीचा ठराव झाला तेव्हा आपले लोक कोठे होते? ते दुधनेच्या काठी होते. ग्रामसभा हिवाळ्या-उन्हाळ्यातही भरते. मेंढपाळ गावात असतो पावसाळ्यात. हात वर करायला तो नव्हता, आणि नको म्हणायलाही नव्हता. बंद कुरणातले गवत कापून दावणीला घालावे, असा नियम झाला. दावणीच्या म्हशीला तो मानवतो. चालत्या कळपासाठी कापून कोण आणणार?

वनखात्याच्या लागवडींचे असेच. रोपे लावली की ती वाढेपर्यंत काही वर्षे चराई बंद, हे रास्तच आहे. एक बंद तुकडा उघडतो तोवर दुसरा बंद होतो, आणि कोणता तुकडा केव्हा उघडला हे ज्याला सांगावयाचे तो गावात नसतो. मग दंडाची पावती फाटते.

गायरानाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. कोणास राग आला तर क्षमा असावी. गायरानावर आपला एकट्याचा हक्क आहे अशा थाटात आपल्यापैकी काही जण बोलतात. मराठवाड्यातील गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबांनी घाम गाळला आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, आणि पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने अशा जुन्या अतिक्रमणांपैकी काहींना मान्यता मिळाली. ज्याला वीतभर जमीन नव्हती त्याने दोन एकर गायरान कसले म्हणून त्याच्याशी कळपवाल्याने भांडावे, हे आम्हांस शोभत नाही. दोघेही त्याच माळावर पोट भरतात. गायरान खरोखर गिळले ते गावातल्या सातबाराधारकांनी. दर पेरणीस बांध हातभर पुढे सरकला. आता तेथे सौर ऊर्जेचे आरसे येत आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी आणि गायरान जमिनी प्रकल्पांना भाड्याने देतात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, रात्री विंचू-काट्यात मोटार लावायला जावे लागणार नाही. चांगलेच आहे. तारेचे कुंपण मात्र तेथेही आहे.

आणि लोकर? घोंगडे आता लग्नातही दिसत नाही. लोकर कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडते, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून लोक पुढे जातात. ज्यांनी कळप ठेवला त्यांनी मटणासाठी माडग्याळ किंवा नेल्लोरचे मेंढे आणले. आपली काळी दख्खनी मेंढी कमी कमी होत चालली.

आता शाळेचे सांगतो. मघापासून हे टाळीत होतो.

वडिलांच्या लहानपणी, निजामी अमदानीत, आमच्या डोंगरकडेला शाळा नव्हती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यानंतर काही वर्षांनी गावात एकशिक्षकी शाळा आली. आम्ही शिकलो ते मावशीच्या घरी राहून. वाडा खाली उतरे तेव्हा आम्ही मागे राहात असू. १९७५ साली मॅट्रिक झालो तेव्हा समाजात पेढे वाटले. नोकरी लागल्यावर आम्ही मनाशी ठरविले की आपल्या मुलांना शिकवायचे. हेतू चांगला होता. दर वर्षी आषाढात तीस-पस्तीस मुले पटावर येत. दिवाळीची सुट्टी संपली की त्यांतील दहा-बारा जागेवर नसत. ती वाटेवर असत. आम्ही निरोप धाडीत असू, आईबापांना रागावत असू, मेंढरांमागे फिरून काय कलेक्टर होणार का, असे कुत्सितपणे बोलल्याचेही आम्हांस स्मरते. वरिष्ठ तपासणीस आले म्हणजे सरासरी उपस्थिती विचारीत. अशा वेळी सततच्या गैरहजर मुलांची नावे कमी करून टाकणे सोपे पडे. लाल शाईने एक आडवी रेघ, पुढे शेरा: स्थलांतरित. पुढे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, काळ बदलला. पण त्याआधीच्या वर्षांत आम्ही किती नावांवर रेघ ओढली याचा हिशेब कोणी आम्हांस विचारला नाही. आम्ही स्वतःही विचारला नाही.

त्यांतील एक मुलगा आम्हांस भेटला. त्याचे नाव सांगत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. एका लग्नाहून आम्ही नातेवाइकांच्या जीपमधून बदनापूरच्या बाजूने परतत होतो. महामार्गाच्या कडेच्या गावरस्त्यावर, भिंतीशी, सत्तर-ऐंशी मेंढरांचा कळप उभा होता. मेंढपाळाने जीप ओळखली नाही, पण आम्हांस ओळखले. फेटा काढून पाया पडला. तिसरीत असताना आम्ही त्याचे नाव कमी केले होते. तो ते विसरला होता की दाखवीत नव्हता, कळले नाही. म्हणाला, "गुरुजी, बरं झालं घावलात. येक अर्ज ल्हून द्या."

हकीकत अशी होती. त्याच्या बापाची वाट एका नाल्याच्या कडेने जात असे. तेथे आता महामार्ग आहे. महामार्गाखाली जागोजागी बोगदे ठेवले आहेत, गाड्याही त्यांतून जातात. जवळचा बोगदा त्याला बऱ्याच अंतराने पडे, आणि तेथे पोचावयाचे तर एका भिजत्या रानातून जावे लागे. मालक जाऊ देत नव्हता. त्या मालकाचेही चूक म्हणता येत नाही, त्याचा गहू उभा होता.

जीपच्या टपावर वही ठेवून आम्ही अर्ज लिहावयास घेतला. सत्तर-ऐंशी मेंढरे पाहात होती. 'अर्जदार याची पूर्वापार वाट' इतके लिहिले आणि पुढे लेखणी थांबली. आम्ही विचारले, "वाट कोणत्या गटातून जाते?"

तो म्हणाला, "वाट मंजी वाट, गुरुजी. तिला नंबर कशाचा?"

"बरे, कोणत्या गावच्या शिवारातून?"

ते त्याने सांगितले. परंतु नाल्याच्या कोणत्या अंगाने, किती रुंद, कोणत्या महिन्यात, किती पिढ्या, कोणी पाहिली आहे, यांतील एकाही गोष्टीचा कागद त्याच्याजवळ नव्हता आणि आमच्या डोक्यातही नव्हता. आम्ही चाळीस वर्षे मुलांना अर्ज लिहावयास शिकविले. आमच्या स्वतःच्या बापाच्या वाटेचा अर्ज आम्हांस लिहिता आला नसता. शेवटी जसा जमला तसा लिहून दिला. त्याने अंगठा उठविला. पुढे आम्हीच तो घेऊन कचेरीत गेलो. तेथील गृहस्थ सभ्य होते. चहा दिला, अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "गुरुजी, वाट दाखवा, विचार करू." गावाचा नकाशा त्यांनी पुढे पसरला. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेघ म्हणजे पायवाट. आमची वाट त्यात नव्हती. त्यांच्यावर रागवावयाचे तरी कशासाठी? जमीन गेली त्यांचे सातबारे होते, त्यांची नावे निघाली, दर ठरले, खरेदीखते झाली. वाट गेली त्यांचे नाव कोठेच नव्हते. वेळीच जाऊन आमचाही येथून रस्ता आहे असे सांगितले असते तर कदाचित बोगदा शंभर पावले अलीकडे आला असता. आपल्या समाजातून कोणी गेले नाही. आम्ही निवृत्त होऊन घरी बसलो होतो, आम्हीही गेलो नाही.

आमच्या भागातील असईचे रण आपल्याला ठाऊक आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज केळणेच्या पलीकडे होती. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यास वाटाड्यांनी सांगितले की नदीला उतार नाही. त्याने दूरवर पाहिले, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. दोन गावे अशी जवळ वसली आहेत त्या अर्थी त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याचा उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून त्याने फौज तिकडे वळविली, उतार होता. परक्या माणसाला, शत्रूला, आमच्या गावांकडे नुसते पाहून आमची वाट समजली. लढाईचा निकाल काय लागला हे सांगावयास नको. आमच्याच माणसांनी ती वाट कोणाला सांगितली नाही की कोठे लिहिली नाही, तोवर ती कोणाच्या कामी यायची ते नशिबावर राहिले.

असो. त्या अर्जानंतर आम्ही घरी आलो आणि आमच्या चुलत्यांना विचारले, नाना, तुम्हांला वाट सांगता येईल का? नाना नव्वदीच्या घरात आहेत. ते म्हणाले, सांगता यायची नाही, चालून दाखवतो. चालणे आता त्यांना झेपणारे नव्हते. पुतण्याची जीप घेतली आणि शंभर पानी वही घेतली. चार दिवस लागले. नाना पुढे बसून डोळे मिटीत, मग म्हणत, येथे थांब. उतरून पाहावे तो कोठे चिंचेचे झाड असे, कोठे झाडाचा बुंधा, कोठे काहीच नसे. तेथील वृद्ध माणूस मात्र सांगे, होय, येथे धनगरवाडा पडे, आमच्या रानात मेंढरे बसत. आम्ही गावाचे नाव लिहीत गेलो, शिवार, गट नंबर, पाणोठा, मुक्काम किती रात्रींचा, सांगणाऱ्याचे नाव आणि वय. जेथे जमले तेथे त्याची सही किंवा अंगठा. काही मुक्कामांवर तलाव झाले आहेत, एकावर मंगल कार्यालय, एकावर पेट्रोल पंप. तरी निम्म्याहून अधिक जागा अजून तशाच आहेत, हे पाहून आम्हांस आश्चर्य वाटले. आम्ही समजत होतो की सारे संपले. वाट पुष्कळशी शिल्लक होती. ती कोणाला ठाऊक नव्हती इतकेच.

एके ठिकाणी एका शेतकऱ्याने आम्हांस बसवून घेतले. त्याचा मुलगा शेणखताला ट्रॉलीमागे किती पैसे मोजतो ते सांगून तो म्हणाला, आमच्याकडे मेंढरे का येत नाहीत आता? आम्ही त्यास सांगितले, वाटेत भिंत आहे. तो म्हणाला, मग सांगा ना कोणाला तरी.

वकील मंडळींना विचारता दोन-तीन गोष्टी कळल्या, त्या जशा समजल्या तशा सांगतो. चूक असल्यास व्यासपीठावरील वकीलसाहेबांनी दुरुस्त करावी. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला आणि २००८ च्या आरंभापासून त्याचा अंमल सुरू झाला. तो केवळ आदिवासी बांधवांपुरता आहे असा आपला समज. त्यात कलम ३ मध्ये चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, एका जागी राहणाऱ्यांचाही आणि हंगामी फिरणाऱ्यांचाही. भटक्या मेंढपाळांचा तर नावाने उल्लेख आहे. आदिवासी नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची, त्या जंगलातील राहणी व त्यावरील उपजीविका दाखवावी लागते. ती कशी दाखवावी? नियमांत पुराव्यांची यादी आहे, आणि त्या यादीत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी कथन देखील धरले आहे. दावा ग्रामसभेपुढे मांडावयाचा असतो. अजिंठ्याच्या डोंगरातील जी राने वनखात्याकडे आहेत त्यांना हे लागू पडते. गायरानाचे निराळे आहे. तेथे सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल आहे की गावाच्या सामायिक जमिनी गावासाठीच राहिल्या पाहिजेत. त्याला धरून आपल्या शासनाने त्याच वर्षी जुलैत आदेशही काढला. कागद आपल्या बाजूचा पुष्कळ आहे. आपल्या घरात मात्र नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्माला २०२५ साली ३०० वर्षे झाली. जिल्ह्यात मिरवणुका निघाल्या, ढोल वाजले, आम्हीही हळद उधळली. त्या माउलीने देशभर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या, आणि बांधल्याची दफ्तरे ठेविली. मिरवणुकीत ढोल वाजविणाऱ्या पोरांना आम्ही विचारले, तुमच्या आजोबांचा वाडा हिवाळ्यात कोठे पडत असे? तिघांपैकी एकाला एका गावाचे नाव सांगता आले.

कोणी विचारील, वाटा लिहून ठेवल्या तरी त्यांवरून चालणार कोण? आमचा स्वतःचा मुलगा जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे, तो मेंढरांकडे परतणार नाही आणि आम्ही त्यास परत पाठविणार नाही. पण आपल्या समाजात अजून कळप ठेवणारी घरे आहेत. शासनाची महामेष योजना २०१७ पासून मेंढ्या घेण्यास अनुदान देते, आणि तरुण पोरे ते घेतात. मेंढ्या मिळतात, त्या कोठून कोठे न्यायच्या हे त्या अर्जात विचारीत नाहीत.

तेव्हा आमची मंडळाला एक विनंती आहे. सभागृहाच्या दाराशी मेजावर सहा कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, तालुक्यागणिक. त्या आम्ही स्वखर्चाने आणल्या आहेत, मंडळावर भार नाही. प्रत्येक पानावर रकाने आखले आहेत: गाव, मुक्कामाची जागा, गट नंबर ठाऊक असल्यास, पाणोठा, महिना, सांगणाऱ्याचे नाव, वय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, आमच्या दोन माजी विद्यार्थिनी लिहून घ्यावयास बसल्या आहेत. पुढील मेळाव्यापर्यंत आम्ही त्या पक्क्या करून आणू, आणि ज्या ग्रामसभेचा पुरावा पुरा होईल तेथे दावा दाखल करू. आरंभ उन्हाळ्यात करू नये. ज्यांना विचारायचे ती माणसे पावसाळ्यातच गावात भेटतात.

आमचे चुलते नाना आज सभेला आले आहेत, तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात बसले आहेत. त्यांना आमच्या घराण्याची वाट तर ठाऊक आहेच, आणखी पाच घराण्यांच्या वाटा देखील ठाऊक आहेत. ती घराणी येथे हजर असतील तर त्यांनी जेवणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसावे. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा उजवीकडे बसावे.